प्रो व्हायचं का, ते कॅलेंडरला विचारा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी साडेपंधरा वर्षांची आहे, टेनिस खेळते. ज्युनियर जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभराच्या आसपास आहे आणि सीनियरच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या दोन स्पर्धांत एकेक फेरी जिंकून आली आहे. एका एजन्सीने कराराचा मसुदा पाठवलाय. कोच म्हणतात, शाळा सोडा आणि पूर्णवेळ प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, करा. त्यातच गेल्या चार स्पर्धांत ती पहिल्या फेरीत हरली, घरी आल्यावर खोलीचं दार लावून बसते. आता काय करायचं?

वीसेक वर्षं मी या वयाच्या मुलामुलींबरोबर स्पर्धा फिरतोय. म्हणून उत्तर लांबेल, आणि मध्ये माझ्या एका चुकीचीही गोष्ट येईल.

सगळ्यात आधी, 'प्रो होणं' असा काही एका दिवसात घडणारा प्रसंग नसतो. परीक्षा नाही, परवाना नाही. चौदा वर्षं पूर्ण झालेली कुणीही मुलगी आयटीएफकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे, नोंदणी करून सीनियर स्पर्धेत नाव टाकू शकते. तुमच्या मुलीने ते केलंच आहे. म्हणजे उंबरठा ती कधीच ओलांडून आत आलीय. आता ठरवायचंय ते एवढंच की पुढची तीन वर्षं कुठले आठवडे खेळायचे आणि कुठले नाही. करार, शाळा, कोच, पैसा हे सगळे प्रश्न त्या एका कॅलेंडरवर येऊन उभे राहतात. माझ्याकडे आलेली बहुतेक बिघडलेली प्रकरणं कॅलेंडरमध्ये बिघडलेली होती, फोरहँडमध्ये नव्हे.

मुलींच्या बाबतीत निम्मं काम नियमानेच करून ठेवलंय. डब्ल्यूटीएचा, म्हणजे महिलांची टूर चालवणाऱ्या संघटनेचा, वयाचा नियम १९९५ पासून लागू आहे. चौदाव्या वर्षी आठ, पंधराव्या वर्षी दहा, सोळाव्या वर्षी बारा आणि सतराव्या वर्षी सोळा व्यावसायिक स्पर्धा. अठरा पूर्ण झाल्यावर बंधन नाही. चांगल्या ज्युनियर क्रमवारीवर थोड्या वाढीव स्पर्धा मिळू शकतात, पण मूळ हिशोब हाच. यात दोन गोष्टी पालकांच्या नजरेतून सुटतात. वर्ष मोजायचं ते एका वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. आणि ज्युनियर स्पर्धा या आकड्यात धरल्या जात नाहीत.

हा नियम का आला ते माहीत असलेलं बरं, नाहीतर तो नुसता अडथळा वाटतो. जेनिफर कॅप्रियाती १९९० च्या मार्चमध्ये, चौदावा वाढदिवस काही आठवड्यांवर असताना, पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली आणि थेट अंतिम फेरीत गेली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, पुढच्या वर्षी विम्बल्डनची उपांत्य फेरी, १९९२ मध्ये स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्ण. १९९३ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती पहिल्या फेरीत हरली आणि सतराव्या वर्षी टूरमधून बाहेर पडली. पुढची काही वर्षं फार वाईट गेली. ती परत आली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन जिंकून जागतिक क्रमवारीत पहिलीही झाली, म्हणून ही गोष्ट आज सांगताना आवाज खाली येत नाही. पण अशी परत येणारी विरळाच.

त्याच काळातली दुसरी मुलगी व्हीनस विल्यम्स. १९९४ च्या ऑक्टोबरअखेर, चौदाव्या वर्षी, पहिली व्यावसायिक स्पर्धा. पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात अरांचा सांचेझ विकारिओविरुद्ध पहिला सेट घेतला, दुसऱ्यातही पुढे होती, आणि मग सलग अकरा गेम हरली. त्यानंतरची दोन वर्षं तिने मोजक्याच स्पर्धा खेळल्या. तेव्हा पुष्कळांनी तिच्या वडिलांना वेड्यात काढलं. १९९७ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती मानांकन नसताना अंतिम फेरीत होती. रिचर्ड विल्यम्स यांच्या सगळ्याच पद्धती मला पटतात असं नाही, पण न खेळलेल्या आठवड्यांची किंमत त्या माणसाला कळत होती.

आताचं उदाहरण हवं असेल तर मिरा आंद्रेएवा बघा. २०२३ मध्ये माद्रिदला वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, चौथ्या फेरीत गेली, सोळावा वाढदिवस त्याच स्पर्धेत झाला. पुढे वर्षाला बाराच स्पर्धा मिळणार हे माहीत होतं, म्हणून प्रत्येक स्पर्धा निवडून घ्यावी लागली. सतराव्या वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, आणि अठरा व्हायच्या आत, २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुबई आणि इंडियन वेल्स अशा दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. बंधनामुळे तिचं काही अडलेलं मला तरी दिसत नाही.

आता पैसा आणि वेळ. खालच्या पायरीवरच्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम पंधरा हजार डॉलर, तीसुद्धा एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या विजेतीच्या हाती दोन हजार डॉलरच्या थोडं वर पडतात, पहिल्या फेरीत हरलेलीच्या हाती दीडशेच्या आसपास, तेही कर कापायच्या आधी. क्रमवारीचे गुण म्हणाल तर विजेतीला पंधरा, ग्रँड स्लॅम विजेतीला दोन हजार. पहिल्या फेरीत हरलं तर शून्य. आणि डब्ल्यूटीए क्रमवारीत नाव लागायलाच तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण दहा तरी गुण लागतात. पाच दिवस जिंकत राहून मिळालेले पैसे परतीचं विमान, हॉटेल, रॅकेटचं गटिंग आणि कोचचा खर्च यांत विरघळतात.

आयटीएफने २०१३ च्या आकड्यांवरून एक मोठी पाहणी केली होती. त्या वर्षी जवळपास चौदा हजार जण व्यावसायिक स्पर्धा खेळले आणि त्यातल्या निम्म्यांच्या आसपास खेळाडूंना एक डॉलरही मिळाला नाही. कोचचा खर्च न धरतासुद्धा जमाखर्च जुळायला पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकापर्यंत पोचावं लागत होतं. त्यानंतर बक्षिसं वाढली, खर्चही वाढला. पण त्या पाहणीतला मला सगळ्यात उपयोगी पडलेला आकडा वेगळाच आहे. ज्या मुली पहिल्या शंभरात पोचल्या, त्यांनाही क्रमवारीच्या पहिल्या गुणापासून तिथवर जायला सरासरी चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागला. पुरुषांना पाचच्या जवळ.

लक्षात घ्या, ही यशस्वी झालेल्यांची सरासरी आहे. म्हणजे सगळं नीट झालं तर तुमची मुलगी एकोणीस-विसाव्या वर्षी तिथे असेल. वर्षाला दहा-बारा स्पर्धांचं बंधन आहे, चार वर्षांचा प्रवास आहे, तर आज शाळा सोडून नेमका कुठला वेळ वाचणार? कोचना हा प्रश्न एकदा विचारून बघा. दिवसाला तीन-साडेतीन तास कोर्ट आणि तासभर फिटनेस यापुढे या वयात भर घातली तर खेळ वाढत नाही, दुखणी वाढतात. उरलेल्या वेळात मुलगी काय करणार? फोन बघणार. शाळा नेहमीची नसेना का, दूरशिक्षण चालेल, पण परीक्षा असली पाहिजे आणि ती टेनिसशिवाय कशात तरी पास-नापास झाली पाहिजे.

कोको गॉफचं नाव तुमच्या पत्रात आहे, म्हणून सांगतो. २०१९ च्या विम्बल्डनला पंधराव्या वर्षी पात्रता फेरीतून येऊन तिने पहिल्याच फेरीत व्हीनसला हरवलं आणि चौथ्या फेरीपर्यंत गेली, हे सगळ्यांना आठवतं. तिला पहिली ग्रँड स्लॅम २०२३ मध्ये मिळाली, मधल्या चार वर्षांत सर्व्हिस आणि फोरहँड लोकांसमोर सारखे डगमगत होते, २०२२ च्या फ्रेंच ओपनची अंतिम फेरी ती १-६, ३-६ अशी हरली, हे कुणी आठवत नाही. जगातल्या त्या पिढीच्या सगळ्यात चमकदार मुलीला चार वर्षं लागली.

आता सलग चार पराभवांकडे येतो, कारण मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

ज्युनियर आणि खालच्या पायरीवरचं सीनियर टेनिस बघायला सारखंच दिसतं. वेगही फार वेगळा नसतो, उलट ज्युनियर मुली कधी कधी जास्त जोरात मारतात. फरक असतो तो फुकटच्या गुणांत. सोळा वर्षांच्या मुलीविरुद्ध तुम्ही कोपऱ्यात दोन चांगले फटके मारलेत की तिसरा ती घाईने बाहेर मारते. इथे समोर सव्वीस वर्षांची, सहाशेव्या क्रमांकाची खेळाडू असते. तिच्याकडे तुमच्या मुलीसारखा फोरहँड नाही. पण ती तिसरा चेंडू उंच टाकून परत देते, चौथाही देते, आणि पाचव्याला तुमच्या मुलीचा धीर सुटतो. समोरची तुमच्या मुलीच्या दुसऱ्या सर्व्हिसची वाट बघत उभी असते. ज्युनियरमध्ये हळू दुसरी सर्व्हिस खपून जाते, इथे समोरची पाय टाकून आत येते आणि पहिल्याच फटक्यावर गुण तिच्या बाजूला झुकतो. तीस-तीसला वारा कुठून आहे हे तिला माहीत असतं. या बाईला भाडं भरायचंय. तिच्याकडून हरण्यात लाज नाही, पण दर आठवड्याला तेच हरत राहण्यात शिकणंही नाही.

माझा हिशोब साधा आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. ज्या पायरीवर मूल तीनपैकी दोन सामने जिंकतंय तिथून वर जायची वेळ झाली. ज्या पायरीवर निम्मेही जिंकत नाही तिथून काही आठवडे खाली यायचं. मुलांना हरायला शिकवा असं सगळे म्हणतात, पण जिंकायची सवयसुद्धा मोडते. ५-३ ला सर्व्हिस करून सेट संपवणं ही वेगळी कला आहे आणि ती तिथे पोचल्याशिवाय शिकता येत नाही. डोनाल्ड यंग २००५ मध्ये ज्युनियरचा जागतिक विजेता होता, अगदी लहान वयात. त्याला मोठमोठ्या स्पर्धांची वाइल्ड कार्डं मिळत गेली आणि तो पहिल्या फेरीत हरत गेला. पुढे तो ३८ व्या क्रमांकापर्यंत पोचला, कुठल्याही मापाने ती उत्तम कारकीर्द आहे, पण ती सुरुवातीची वर्षं त्याला कुणी दुसरी दिली असती तर, असं मला नेहमी वाटतं.

म्हणून तिला पुढच्या दोन-तीन स्पर्धा ज्युनियरच्या खेळू द्या. मागे जाणं म्हणून नव्हे. वर्षअखेर पहिल्या शंभरात राहिली तर सीनियरच्या खालच्या स्पर्धांत मुख्य ड्रॉमध्ये अशा ज्युनियर खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात. पात्रता फेरीचे दोन-तीन सामने वाचतात. दहा स्पर्धांचा कोटा असलेल्या मुलीला ही फार मोठी सवलत आहे. तिथे दुसरी सर्व्हिस सुधारायचं काम करा, सामना जिंकत असताना. हरताना कुणी सर्व्हिस बदलत नाही.

आता माझी चूक. मुलांना सोळा वर्षांनंतर स्पर्धांची मर्यादा नसते. माझ्याकडे एक सोळा वर्षांचा मुलगा होता, सर्व्हिस देखणी, वर्षभरात उंची भराभर वाढलेली. एका हंगामात आम्ही सलग सात आठवडे खेळलो, कारण तो जिंकत होता आणि क्रमवारी वर जात होती. पाचव्या आठवड्यात म्हणाला, कंबर धरते. मी म्हटलं, ताणलंय, फिजिओकडून मोकळं करून घे. आठव्या आठवड्यात एमआरआय केला तर कमरेच्या शेवटच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली भेग. पाच महिने सर्व्हिस बंद. दोष त्याचा नव्हता, स्पर्धांचाही नव्हता. गुण मोजण्याच्या नादात मी आठवडे मोजले नाहीत.

त्या दिवसापासून माझे काही नियम आहेत. सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त स्पर्धा नाही. वाढत्या वयातल्या खेळाडूला एका पायावर उभं राहून मागे वाकताना कंबर दुखली, किंवा कंबरदुखी दोन आठवडे टिकली, तर मालिश नाही, थेट डॉक्टर. सर्व्हिसमध्ये पाठ मागे वाकते आणि त्याच वेळी वळते, आणि सरावात हे शेकडो वेळा होतं. हाड अजून पक्कं झालेलं नसतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी बोलायला पुरुष कोच लाजतात आणि मीही पूर्वी लाजायचो. तिची पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा शरीर जेवढी ताकद खर्च करतं त्या मानाने खाणं कमी पडत असतं आणि त्याची वसुली हाडांकडून होते. हे आईने विचारावं, कोचने ऐकावं आणि डॉक्टरने ठरवावं.

कराराबद्दल मी वकील नाही, पण असे कागद बरेच पाहिलेत. प्रायोजक मिळवून दिला तर त्यातला वाटा मागणं रास्त आहे. कोर्टवर कमावलेल्या बक्षिसात हात घालणारा, किंवा 'खर्च आम्ही करतो' म्हणून पुढच्या दहा वर्षांच्या कमाईचा टक्का लिहून घेणारा कागद परत पाठवा. मुदत किती, बाहेर पडायची वाट कुठली, दुखापत झाली तर काय, आणि आज दिलेला पैसा भेट आहे की कर्ज, या चार ओळी वकिलाकडून वाचून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, वर्षाला इतक्या स्पर्धा खेळल्याच पाहिजेत असं कलम असेल तर त्या कागदावर सही नाही. तुमच्या मुलीचं कॅलेंडर दुसऱ्याच्या हातात जातं ते असंच. शिवाय पंधराव्या वर्षी मिळालेली ऑफर सतराव्या वर्षी चांगल्या अटींवर परत येते. नाहीच आली, तर ती मुळात तिच्या टेनिससाठी नव्हती.

पैसे घेण्याआधी अमेरिकी कॉलेजचा रस्ताही बघून ठेवा. तिथले बक्षीस रकमेचे आणि मानधनाचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून जुन्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, चालू वर्षाचे नियम वाचा. डॅनिएल कॉलिन्स, कॅमेरॉन नॉरी, बेन शेल्टन हे सगळे नावाजलेले खेळाडू कॉलेज टेनिसमधून आलेले आहेत. 'कॉलेजला जाणारे हरलेले' असं जे अकादम्यांत बोललं जातं ते आता कालबाह्य झालंय.

फोनची गोष्ट पटकन सांगतो. खालच्या पायरीवरच्या सामन्यांवरही जगभर सट्टा लागतो. हरली की अनोळखी लोकांचे घाणेरडे संदेश येतात, अगदी पंधरा वर्षांच्या मुलीला. सामन्याच्या दिवशी तिचं समाजमाध्यमांचं खातं तुम्ही सांभाळा. आणि कुणी 'एक सेट सोड' म्हणून विचारलं तर नकार देणं पुरेसं नाही, ते टेनिसमधल्या फिक्सिंगवर नजर ठेवणाऱ्या इंटिग्रिटी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा धरला जातो. सर्दीखोकल्याचं औषधसुद्धा बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत बघितल्याशिवाय देऊ नका.

राहिलं ते बंद दार. चार पराभवांनंतर ती बोलत नाही याचा अर्थ तिला बोलायचं नाही असा नाही. बहुतेक वेळा तिला टेनिसबद्दल बोलायचं नसतं आणि घरात दुसरा विषयच उरलेला नसतो. माझ्या खेळाडूंच्या पालकांसाठी एकच अट आहे. सामना संपल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत तिने विषय काढल्याशिवाय सामन्याबद्दल एक शब्द नाही. 'चांगली खेळलीस' हेसुद्धा नाही. 'तो ब्रेक पॉइंट…' तर मुळीच नाही. वडिलांना हे जास्त जड जातं, मी पाहिलंय. १९९३ मध्ये मेरी पिअर्सच्या वडिलांना टूरने स्पर्धांत यायलाच बंदी घातली होती. ते टोकाचं झालं, पण सुरुवात स्टँडमधल्या मान हलवण्यापासून होते. मुलगी प्रत्येक चुकीनंतर कुणाकडे बघते, हे एकदा मोजून बघा.

आणि तिला थांबायचं असेल तर थांबू द्या. ॲश बार्टी पंधराव्या वर्षी ज्युनियर विम्बल्डन जिंकली, अठराव्या वर्षी टेनिस बाजूला ठेवून क्रिकेट खेळायला गेली, परत आली आणि तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या. प्रत्येकीचं असं होत नाही. पण दोन महिने रॅकेट कपाटात राहिल्याने कुणाची कारकीर्द संपलेली मी पाहिलेली नाही.

तर कोचना सांगा, शाळेचा निर्णय सतराव्या वाढदिवसापर्यंत पुढे ढकललाय. एजन्सीला सांगा, कागद वकिलाकडे आहे. आणि एका संध्याकाळी, तिला सोबत घेऊन, पुढच्या वाढदिवसापर्यंतचं कॅलेंडर टेबलावर पसरा. आधी परीक्षेचे आठवडे खोडा, मग दर तीन आठवड्यांनंतरचा मोकळा आठवडा, मग वर्षाअखेरचे चार आठवडे जेव्हा रॅकेटला हात लावायचा नाही. जे उरेल त्यात तिच्या वाट्याच्या उरलेल्या स्पर्धा ती स्वतः भरेल, पेन्सिलीने. तो कागद मला पाठवा, मग बोलू.